संगणकाची विचारपूस

भिवंडीच्या एकाद्या यंत्रमागाच्या कारखान्यांत पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसाला पहिला अनुभव येतो तो कानांचा. दोन-तीन डझन माग एका छपराखालीं खटाखट चाललेले असतात आणि शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर त्याच्या कानापाशीं तोंड न्यावें लागतें. परंतु ज्यानें त्या गोंगाटांत दहा-वीस वर्षें काढलीं, त्या विणकराला एकेका मागाचा सूर निराळा ऐकूं येतो. धोटा नीट बसेनासा झाला कीं ठोका बदलतो. बाण्याचा धागा तुटला तर मागावरील लहानसा कांटा तें ओळखतो आणि माग आपोआप उभा राहतो. ताण्याचा धागा तुटला तर साध्या मागावर ही सोय नसते. तेथें विणकराची नजरच कामाला येते. कान, कांटा आणि नजर ह्या तिहींच्या साह्यानें बिघाड कोठें आहे हें क्षणांत कळतें, आणि तेवढाच धागा जोडून काम पुढें चालू होतें.

संगणकाला असा ठोका नाहीं. तो बिघडला म्हणजे पडद्यावर एक लहानसें चक्र गरगर फिरत राहतें, आणि तें काय सांगतें हें कोणालाच कळत नाहीं. मात्र त्याला योग्य शब्दांत विचारलें तर तो आपल्या पोटांतील पुष्कळ गोष्टी निमूटपणें सांगतो. हे शब्द फार नाहींत. दहा-बारा आज्ञांत घरगुती किंवा लहानशा कचेरींतील संगणकाची बरीचशी विचारपूस होऊं शकते.

ह्या विचारपुशीची गरज भिवंडींत आतां मागापेक्षां गोदामांत अधिक भासते. शहराच्या हद्दीबाहेर माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा अशा ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत गेल्या कांहीं दशकांत गोदामांच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. मुंबई जवळ, नाशिकचा महामार्ग उशाशीं, न्हावाशेवाचें बंदर हाताच्या अंतरावर. शिवाय मुंबईच्या वेशींत माल नेला कीं जकात द्यावी लागे, ती येथें साठवून ठेवलेल्या मालाला लागत नसे. ती जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर बंद झाली, पण गोदामें राहिलीं आणि वाढलीं. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यांत जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील मालाबरोबर ई-वे बिल लागूं लागलें. तें बिल संगणकावरून काढावयाचें असतें. म्हणजे ट्रक भरून तयार, चालक जेवून तयार, आणि कचेरींतला संगणक मात्र रुसलेला, अशी स्थिति झाली तर गाडी दारांतच उभी राहते.

अशा एका संध्याकाळची कल्पना करावी. सात वाजले आहेत, इंदूरला जाणारा ट्रक उभा आहे, आणि संकेतस्थळ उघडत नाहीं. मालक म्हणतो, इंटरनेटवाल्याचा दोष. कारकून म्हणतो, सरकारी यंत्रणाच बंद पडली असेल. शेजारच्या गाळ्यांतला जाणता गृहस्थ म्हणतो, व्हायरस शिरला. दुरुस्तीच्या मुलाला फोन लावावा तर तो न पाहतांच निदान करतो: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारणें म्हणजे संगणकाची पाटी पुसून सर्व कांहीं नव्यानें बसविणें. त्यांत वर्षभराचे हिशेब, बिलें, घरच्या संगणकावर असेल तर मुलांचीं छायाचित्रें, हें सारें जाऊं शकतें. एक धागा तुटला म्हणून सबंध ताणा कापून काढावा, असा हा उपाय. चौघांनीं चार कारणें सांगितलीं. त्यांतलें खरें कोणतें हें पांच मिनिटांत ठरविण्याचें साधन त्याच संगणकांत पडून असतें.

तें साधन म्हणजे काळी खिडकी, इंग्रजींत कमांड प्रॉम्प्ट. विंडोजच्या संगणकावर विंडोजचें चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबली म्हणजे एक लहान चौकट उघडते. तींत सी-एम-डी हीं तीन अक्षरें लिहून एंटर दाबावें. काळ्या पटलावर एक रेघ लुकलुकूं लागते. चित्रें नाहींत, बटणें नाहींत. हुकूम लिहावा आणि उत्तर वाचावें, इतकाच व्यवहार. ही जुनी रीत आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही प्रणाली रचावयास घेतली, तेव्हां संगणकाशीं बोलावयाचें तें टेलिटाइपच्या कळा बडवून, आणि उत्तर यावयाचें तें कागदावर छापून. तें यंत्र मंद व त्याच्या कळा जड, म्हणून आज्ञांचीं नांवें तोकडीं ठेवण्याची संवय पडली. १९८१ च्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉसनें हीच पद्धति घरोघर नेली. पुढें चित्रमय पडदा आला, उंदीर आला, आणि काळी खिडकी मागील दाराशीं जाऊन बसली. पण घरांतल्या वृद्ध माणसाप्रमाणें तिला सगळें ठाऊक असतें. कोणी विचारावयास जात नाहीं एवढेंच.

विचारपूस करतांना क्रम महत्त्वाचा. आपल्या हाताजवळून आरंभ करून एकेक पायरीनें दूर जावयाचें, आणि ज्या पायरीवर उत्तर येईनासें होईल तेथें बिघाड शोधावयाचा. (सर्वांत पहिली पायरी काळ्या खिडकीच्याहि अलीकडची आहे: तार खोबणींत नीट बसली आहे कीं नाहीं हें बोटानें दाबून पाहावें. सांगावयास लाज वाटते इतकी ही साधी गोष्ट, पण ट्रक थांबविण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे.)

पहिली आज्ञा आयपी-कॉन्फिग. हीं इंग्रजी अक्षरें सलग लिहून एंटर दाबली कीं संगणक आपला पत्ता सांगतो. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो, १९२.१६८.१.५ असा कांहीं तरी. त्याच यादींत ‘डिफॉल्ट गेटवे’ ह्या शब्दांपुढें दुसरा एक पत्ता दिसतो, तो राउटरचा. म्हणजे ज्या लहानशा पेटींतून घरांतले सर्व संदेश बाहेर पडतात, त्या दरवाज्याचा. स्वतःचा पत्ता जर १६९.२५४ ह्या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर दुसरें कांहीं पाहावयाची गरज नाहीं. राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळें संगणकानें स्वतःच एक पत्ता धारण केला आहे, असा त्याचा अर्थ. बिघाड घरांतच आहे. तो तारेंत, वायफायमध्यें किंवा खुद्द त्या पेटींत. इंटरनेट कंपनीला फोन करण्यापूर्वीं राउटर बंद करून पुन्हां चालू करावा.

दुसरी आज्ञा पिंग, पी-आय-एन-जी. सर्व आज्ञांत ही सर्वांत उपयोगी, आणि हिचा जन्महि मौजेचा. अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेंत माइक मूस नांवाचा एक तज्ज्ञ होता. १९८३ च्या डिसेंबर महिन्यांत जाळें विचित्र वागूं लागलें, म्हणून त्यानें एका संध्याकाळींच हा छोटासा कार्यक्रम लिहून काढला. समुद्रांतील पाणबुडी शोधण्यासाठीं ध्वनीची लहर सोडतात आणि ती आदळून परत किती वेळानें येते त्यावरून अंतर काढतात. त्या लहरीचा आवाज ‘पिंग’ असा येतो, म्हणून हें नांव. मूस २००० सालच्या नोव्हेंबरमध्यें रस्त्यावरील अपघातांत वारला. त्याचा एका संध्याकाळचा उद्योग मात्र आज जवळजवळ प्रत्येक संगणकांत आहे.

पिंग लिहून, जागा सोडून, पुढें राउटरचा पत्ता लिहावा. संगणक चार लहान हांका मारतो आणि प्रत्येकीचें उत्तर किती वेळांत आलें तें सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगतो. राउटर घरांतच असल्यामुळें हा आंकडा एक, दोन, फार तर पांच-दहा असावा. उत्तरें आलीं तर घरांतली वाट मोकळी. मग पिंगपुढें ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. तो गूगल कंपनीनें सर्वांसाठीं खुला ठेवलेल्या एका यंत्रणेचा आहे आणि लक्षांत ठेवावयास सोपा. तेथूनहि उत्तर आलें तर इंटरनेट चालू आहे, आणि मालकाचा कंपनीवरील राग फुकट आहे. राउटर बोलतो पण ८.८.८.८ बोलत नाहीं, असें झालें तर मात्र राग बहुधा योग्य ठिकाणीं आहे. कंपनीला फोन करून हीच हकीकत सांगावी.

येणाऱ्या आंकड्यांकडे थोडें लक्ष देण्याजोगें आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंचवीस हजार. म्हणजे तेथील यंत्राचें उत्तर १२५ सहस्रांश सेकंदांच्या आंत येणें निसर्गतःच अशक्य. केबलची वळणें आणि वाटेंतले थांबे धरून तें दोनशेच्या आसपास येतें. दूरच्या यंत्राला दोनशे लागले तर तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. पण घरांतल्या राउटरला दोनशे लागत असतील, किंवा एका हांकेला दोन आणि दुसरीला तीनशे असा खेळ चालला असेल, तर वायफायचा जोर अपुरा पडतो आहे. पिंगच्या आज्ञेच्या शेवटीं जागा सोडून एक आडवी रेघ आणि टी हें अक्षर लिहिलें तर हांका थांबत नाहींत. मग लॅपटॉप हातीं घेऊन दिवाणखान्यांतून स्वयंपाकघरांत आणि तेथून मागील खोलींत चालत जावें. कोणत्या भिंतीपाशीं उत्तरें लंगडूं लागतात तें डोळ्यांनीं दिसतें. कंट्रोल आणि सी ह्या कळा दाबल्या म्हणजे हांका बंद होतात.

पिंगचीं उत्तरें वाचतांना दोन ठिकाणीं जाणतेहि फसतात. पुष्कळ मोठीं संकेतस्थळें पिंगच्या हांकेला मुद्दाम ओ देत नाहींत. त्यामुळें ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असें आलें म्हणून तें स्थळ मेलें असें समजूं नये. उलट ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, म्हणजे तेथवर वाटच नाहीं, असा निरोप आला तर विंडोज त्यालाहि उत्तर आल्याचें धरतें आणि शेवटच्या गोषवाऱ्यांत एकहि हांक वायां गेली नाहीं असें दाखवितें. म्हणून गोषवाऱ्यावर न विसंबतां वरच्या ओळी वाचाव्या.

आतां असें समजावें, कीं अंकांच्या पत्त्याला उत्तर येतें, पण संकेतस्थळ नांवानें उघडत नाहीं. हा प्रकार फार वेळां घडतो. जाळें फक्त अंक ओळखतें; नांवें माणसांच्या सोयीसाठीं. आरंभींच्या काळीं सर्व यंत्रांचीं नांवें व अंक एकाच यादींत लिहून ती अमेरिकेंत एका ठिकाणीं ठेवीत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरेना, तेव्हां पॉल मोकापेट्रिस यांनीं, पिंगच्या जन्माच्याच १९८३ सालीं, नांवांवरून अंक सांगणारी विभागलेली व्यवस्था आंखली. तिलाच डीएनएस म्हणतात. गांवांतला पोस्टमन सगळीं घरें ओळखतो, पण नवा आला कीं ‘अमक्याचें घर कोठलें’ असें त्याला विचारावें लागतें. तो ज्याला विचारतो तो माणूसच गांवाला गेला असेल तर रस्ते उघडे असूनहि पत्र पोंचत नाहीं. एन-एस-लुकअप ही आज्ञा, आणि तिच्यापुढें जागा सोडून संकेतस्थळाचें नांव, असें लिहिलें कीं हा सांगणारा माणूस जागेवर आहे कीं नाहीं तें कळतें. जुनी चुकीची माहिती संगणकाच्या स्मृतींत अडकली असेल तर आयपी-कॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ आणि सलग ‘फ्लशडीएनएस’ असें लिहून ती धुऊन टाकतां येते. ह्या एका ओळीनें कांहीं वेळां ट्रक सुटतो.

वाट मधेंच कोठें तुटली आहे हें पाहावयाचें तर ट्रेसर्ट ही आज्ञा आहे. तिची युक्ति व्हॅन जेकबसन यांनीं अमलांत आणली. प्रत्येक संदेशावर आयुष्याचा एक आंकडा लिहिलेला असतो. वाटेंतला प्रत्येक थांबा त्यांतून एक वजा करतो, आणि शून्य झालें कीं संदेश टाकून देऊन पाठविणाऱ्याला तसें कळवितो. जेकबसन यांनीं पहिला संदेश एकच आयुष्य देऊन पाठविला, दुसरा दोन, तिसरा तीन. जो तो थांबा नकार कळवितांना आपलें नांव सांगून बसला. विंडोजवर ही यादी तीस थांब्यांपर्यंत जाते. मधें एक-दोन ठिकाणीं नुसतीं चांदणीचीं चिन्हें दिसलीं तर घाबरूं नये. कांहीं थांबे अबोल असतात.

येथवर बाहेरच्या वाटांची गोष्ट झाली. संगणक स्वतःच आजारी असेल तर विचारपुशीचा सूर बदलावा लागतो, कारण आतां संपत्ति आंत आहे. पावसाळ्यांत वीज अवचित गेली, संगणक भर कामांत विझला, आणि पुन्हां लावल्यावर फाइली उघडेनाशा झाल्या, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. त्यासाठीं चेकडिस्क ही आज्ञा: सी-एच-के-डी-एस-के. ती नुसती लिहिली तर संगणक तबकडीवरील नोंदी केवळ वाचतो, कांहीं बदलत नाहीं. म्हणून आरंभ तेथून करणें सुरक्षित. पुढें तिरपी रेघ व एफ लिहिलें तर सांपडलेल्या चुका दुरुस्त करतो. मुख्य तबकडी वापरांत असल्यामुळें पुढल्या वेळीं सुरू होतांना तपासूं काय, असें आधीं विचारतो. तिरपी रेघ व आर लिहिलें तर तबकडीची जागा न् जागा वाचून खराब झालेले भाग शोधतो, आणि त्याला कित्येक तास लागूं शकतात.

ह्या शेवटच्या आज्ञेविषयीं सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या पद्धतीची फिरती तबकडी कटकट किंवा खरखर आवाज करूं लागली असेल, तर ती अखेरच्या घटका मोजीत आहे असें समजून आधीं हिशेब आणि छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. मरणोन्मुख तबकडीला तासन् तास फिरवून तपासणें म्हणजे हृदयविकाराच्या रोग्याला तपासणीसाठीं जिना चढावयास लावणें होय.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्या असतील तर एस-एफ-सी, जागा, तिरपी रेघ, आणि सलग ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा त्या तपासून चांगल्या प्रती जागेवर बसविते. तिला अधिकार लागतो. काळी खिडकी उघडतांना चिन्हावर उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावें. ह्या दुरुस्तींत घरच्या फाइलींना हात लागत नाहीं. फॉरमॅटचा प्रस्ताव येण्यापूर्वीं निदान ही आज्ञा दिली होती काय, असें दुरुस्तीवाल्याला विचारण्याचा हक्क प्रत्येक गृहस्थाला आहे.

किरकोळ चौकशीच्या आज्ञा आणखी आहेत. टास्कलिस्ट चालू असलेल्या कामांची यादी व प्रत्येकानें अडविलेली स्मृति दाखविते. संगणक मंद झाला असेल तर खादाड कोण तें तेथें दिसतें. सिस्टिमइन्फो यंत्राची स्मृति किती, तें शेवटचें केव्हां सुरू झालें, हें सांगतें. ‘रोज बंद करतों’ असें सांगणाऱ्यांचा संगणक तीन आठवडे जागा असल्याचें ह्या ओळीवरून उघडकीस येतें. लॅपटॉपच्या बॅटरीविषयीं शंका असेल तर पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ, ‘बॅटरीरिपोर्ट’ असें लिहावें. एक अहवाल तयार होतो. त्यांत नवी असतांनाची शक्ति आणि आज पूर्ण भरल्यावरची शक्ति असे दोन आंकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी घेण्यास हरकत नाहीं. लिनक्स वापरणाऱ्यांना हेंच काम पिंग, ट्रेसरूट, डीएफ, टॉप आणि एफ-एस-सी-के यांनीं करतां येतें.

ह्याच काळ्या खिडकीचा उपयोग लबाड लोकहि करतात. घरीं फोन येतो, बोलणारा मोठ्या कंपनीचें नांव सांगतो आणि संगणकांत चोर शिरल्याची बातमी देतो. पुरावा म्हणून ए-एस-एस-ओ-सी ही आज्ञा लिहावयास सांगतो. यादीच्या शेवटाजवळ ८८८ नें सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक येतो. तो फोनवरचा माणूस आधींच वाचून दाखवितो, आणि ‘ही आपल्या संगणकाची गुप्त खूण आमच्यापाशीं आहे’ असें म्हणतो. तो क्रमांक सगळ्याच विंडोज संगणकांवर एकसारखा असतो. दुसरी युक्ति नेटस्टॅटची. ती आज्ञा चालू जोडण्यांची यादी देते आणि तिच्या एका रकान्याचें नांव ‘फॉरिन ॲड्रेस’ असें आहे. त्याचा अर्थ पलीकडील टोकाचा पत्ता, इतकाच. परंतु परदेशी चोरांची यादी म्हणून तो रकाना दाखवून लोकांकडून पैसे उकळण्यांत आले आहेत. आज्ञा स्वतःच्या शंकेसाठीं द्यावी. अनोळखी माणसाच्या फोनवरून एकहि देऊं नये. पैसे गेलेच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

गोदामांतल्या त्या संध्याकाळीं मग काय झालें असतें? राउटरनें उत्तर दिलें, ८.८.८.८ नेंहि दिलें, नांव मात्र सांपडेना. फ्लशडीएनएसची ओळ लिहिली, पान उघडलें, बिल छापलें. चौघांचीं चारहि कारणें चुकलीं आणि हिशेब जागच्या जागीं राहिले. अशा कचेरींत सर्व कांहीं ठीक चाललें असतां एके दिवशीं पिंगचे आंकडे, राउटरचा पत्ता आणि इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून तो संगणकाच्या पेटीच्या बाजूला चिकटवून ठेवतात. पुढें बिघाड झाला म्हणजे आजचे आंकडे त्या कागदाशीं ताडून पाहतां येतात, आणि दुरुस्तीच्या मुलाला फोनवर काय सांगावयाचें हें त्यावरूनच ठरतें.